फिटंफाट

आमच्याकडं दोन माणसांतला व्यवहार मिटला की म्हणतात, "झाली फिटंफाट." उसनं नेलेलं ज्वारीचं पोतं परत आलं, बैलाचे राहिलेले पैसे पोहोचले, वाट्यानं केलेल्या रानाचा हिशोब झाला, की देणारा मोकळा आणि घेणाराही मोकळा. तंबाखूची चिमूट द्यायची-घ्यायची आणि आपापल्या वाटेला लागायचं. शब्द तसा चांगलाच. कुणाचं ठेवलं नाही, कुणाचं बुडवलं नाही, असा त्याचा अर्थ.

पण हाच शब्द मी भांडणातही ऐकलाय. "आजपासनं तुझी माझी फिटंफाट," असं भाऊ भावाला म्हणाला की गाव समजून जातं. आता ही दोन घरं एकमेकांच्या दारात जाणार नाहीत. लग्नाला नाही, बारशाला नाही, कदाचित मयतीलाही नाही. हिशोब मिटला तरी फिटंफाट आणि नातं मिटलं तरी फिटंफाट. आपल्या वाडवडलांनी दोन्हीला एकच शब्द का ठेवला असेल, हे कोडं मला फार वर्षं पडलंय.

त्याच कोड्याला जोडून दुसरा प्रश्न येतो. एकानं दुसऱ्याला मदत केली आणि मनात तिचा हिशोब ठेवला, तर ती मदत राहते का? का तो व्यवहार होतो? आणि हिशोब अजिबातच ठेवला नाही, तर एखादा लबाड माणूस आपल्याला धुऊन नेणार नाही का? मी दहावीपर्यंत शिकलो. शास्त्रपुराणातलं मला फार कळत नाही. पण चाळीस-पंचेचाळीस वर्षं रानात काढली, आणि अलीकडं मातीच्या पोटातलं थोडं कानावर आलं, त्यामुळं या प्रश्नाला हात घालायचं धाडस करतोय.

आधी जुन्या रीती सांगतो, कारण नव्या वाचकाला त्या ठाऊक नसतील. आमच्या माणदेशात पूर्वी प्रत्येकाकडं बैलजोडी नसायची. एकाच्या दावणीला एक बैल, शेजाऱ्याच्या दावणीला एक. दोघं मिळून जोडी करायची, चार दिवस त्याच्या रानात, चार दिवस ह्याच्या रानात. हा वारंगुळा. माणसांच्या कामाची तशीच सावड असायची. आज तुमच्या बाजरीच्या काढणीला आमच्या घरची दोन माणसं, उद्या आमच्या काढणीला तुमची दोन. इथं हिशोब चोख. कुणी एक दिवस चुकवला तर बायका पाणवठ्यावर बोलून दाखवायच्या.

आणि तिसरी रीत इर्जिकीची. एखाद्याचं रान हरळीनं भरलं, किंवा घरात दुखणं आलं आणि नांगरट राहिली, तर गावातले लोक आपापले नांगर-बैल घेऊन त्याच्या रानात उतरायचे. एका दिवसात रान उलथून काढायचे. रानमालकानं फक्त जेवण घालायचं. कुणी किती तास नांगर धरला, हे कुणी मोजायचं नाही. मात्र पुढं दुसऱ्याची इर्जिक निघाली आणि हा माणूस धडधाकट असून गेला नाही, तर गाव ते बरोबर ध्यानात ठेवायचं. म्हणजे हिशोब तिथंही होता, फक्त तो वहीत नव्हता.

घरातल्या बायकांची रीत तर याहून शहाणी. शेजारणीनं वाटीतून कोरड्यास दिलं की ती वाटी रिकामी परत करायची नाही. दोन शेंगदाणे टाकायचे, गुळाचा खडा टाकायचा, काहीच नसलं तर चिमूटभर साखर. माझ्या आईला मी एकदा विचारलं होतं, "तिनं कालवण दिलं, आपण साखर दिली. मग फिटलं का?" आई म्हणाली, "फिटाय कशाला पायजे? फिटलं की येनंजानं थांबलं." त्या वयात मला ते कळलं नाही.

आता मातीकडं येतो.

बुरशी म्हटलं की आम्हा शेतकऱ्यांच्या पोटात गोळा येतो. तुरीला मर लागते ती बुरशीनं. डाळिंबावर, कांद्यावर डाग पडतात ते बहुतेक बुरशीनंच. आमच्या लेखी बुरशी म्हणजे फवारून मारायची वस्तू. माझ्या लेकीची लेक कृषी महाविद्यालयात शिकते. सुट्टीला आली की रानात माझ्याबरोबर हिंडते. एकदा तिनं बाजरीचं एक ताट हलक्या हातानं मुळासकट उपटलं आणि मला म्हणाली, "आजोबा, ही मुळं एकटी नाहीत. ह्यांच्यात बुरशी राहते आणि तीच ह्यांना जेवू घालते." मी म्हटलं, मला तर काही दिसत नाही. ती म्हणाली, दिसणारच नाही. तिचे तंतू माणसाच्या केसापेक्षा कितीतरी बारीक असतात.

तिनं सांगितलं ते असं. या बुरशीला मायकोरायझा म्हणतात. अल्बर्ट फ्रँक नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८५ साली हे नाव दिलं. त्याचा अर्थ साधा आहे, बुरशी-मूळ. जमिनीवरच्या दहातल्या आठ-नऊ जातींच्या वनस्पतींचं कुठल्या ना कुठल्या बुरशीशी असं घरोब्याचं नातं असतं. ज्वारी, बाजरी, मका, गहू, तूर, हरभरा, भुईमूग, कांदा, ऊस, कापूस, सगळे त्यात आले. नातं जुनं किती? स्कॉटलंडमध्ये चाळीस कोटी वर्षांपूर्वीचे खडक सापडलेत, त्यातल्या वनस्पतींच्या अंगातही अशी बुरशी दिसते. तेव्हा त्या वनस्पतींना धड मुळंसुद्धा नव्हती.

देणंघेणं काय चालतं, तेही समजून घेतलं. स्फुरद मातीत असतं, पण ते जागचं हलत नाही. आमच्या काळ्या चुनखडीच्या रानात तर ते चुन्याला धरून बसतं. मुळाला आपल्या भोवतीचं इवलंसं रान तेवढं चाटता येतं, ते संपलं की उपाशी. बुरशीचे तंतू मुळापासून कितीतरी लांब जातात. जिथं मूळ शिरणार नाही अशा फटीत शिरतात आणि तिथलं स्फुरद, जस्त, थोडं पाणी घेऊन येतात. बदल्यात झाड तिला साखर आणि चरबी देतं. बुरशीला उन्हात अन्न करता येत नाही, ते झाड करतं. झाडाला अंधारात लांब हात घालता येत नाही, तो बुरशी घालते. एकाकडं एक बैल, दुसऱ्याकडं दुसरा. मी नातीला म्हटलं, "हा तर आपला वारंगुळा!"

हे सगळं नवं आहे असंही नाही. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शेतीतज्ज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होते. कंपोस्ट खताची इंदूर पद्धत त्यांचीच. १९४० साली आलेल्या त्यांच्या पुस्तकात या बुरशीबद्दल लिहिलंय. सेंद्रिय माती आणि झाड यांना जोडणारा जिवंत दुवा म्हणून ते तिच्याकडं बघत होते. पुढं रासायनिक खताचा जमाना आला आणि आम्हाला शेती शिकवणाऱ्यांनी हा दुवा आमच्यापुढं कधी मांडलाच नाही.

एकच बुरशी अनेक झाडांच्या मुळांत असू शकते. म्हणजे दोन झाडं खालून एकमेकांना बांधलेली असू शकतात. बांध आपण घालतो तो मातीवर. बुरशीला तलाठ्याचा उतारा माहीत नाही. माझ्या बांधाकडेच्या तुरीच्या मुळाशी असलेली बुरशी पलीकडं भावकीच्या बाजरीतही पोहोचलेली असेल, तर तिला अडवायला कोण जाणार?

या जाळ्यावरून जगात दोन तट पडलेत. पहिला तट म्हणतो, झाडं एकमेकांवर माया करतात. कॅनडातल्या सुझान सिमार्ड या शास्त्रज्ञ बाईंनी १९९७ साली एक अभ्यास मांडला. जंगलात बर्च आणि डग्लस फर अशी दोन जातींची रोपं शेजारी होती. खूण केलेला कर्ब एकातून दुसऱ्यात जातो असं त्यांना दिसलं. फरच्या रोपावर सावली धरली तेव्हा बर्चकडून त्याला जास्त कर्ब मिळाला. त्यावरून पुढं खूप लिहिलं गेलं. मोठं झाड आई आहे, खालची रोपं लेकरं आहेत, आई जमिनीखालून त्यांना पाजते, असं. ऐकून माझेही डोळे ओले झाले होते.

पण २०२३ साली तिघा शास्त्रज्ञांनी जुने सगळे अभ्यास चाळून सांगितलं की, जंगलाबद्दल जे बोललं जातंय ते पुराव्याच्या पुढं पळालंय. जाळं रानात किती पसरलेलं असतं, त्यातून खरोखर किती माल जातो, आणि मोठं झाड आपल्याच लेकराला निवडून देतं का, याला भक्कम आधार नाही. त्या तिघांपैकी एक बाई तर १९९७ च्या त्या अभ्यासातच सामील होत्या. मला हे आवडलं. आपलंच पीक आपणच पाखडून बघायला मन मोठं लागतं.

दुसरा तट रोखठोक. २०११ साली काही शास्त्रज्ञांनी लसूणघासाच्या जातकुळीतल्या एका रोपावर प्रयोग केला. त्यात दिसलं की जी बुरशी जास्त स्फुरद देते तिला झाड जास्त साखर देतं, आणि जे मूळ जास्त साखर देतं त्याला बुरशी जास्त स्फुरद देते. कमी देणाऱ्याला दोन्ही बाजूंनी कमी. म्हणजे मातीत बाजार भरलाय आणि दोघंही तराजू घेऊन बसलेत.

माझा धाकटा पोरगा चाकणला कंपनीत आहे. त्याला हे सांगितलं तर तो खूश झाला. म्हणाला, "बघा अण्णा, निसर्गातसुद्धा फुकट काही नाही. तुम्हीच तेवढे धर्मशाळा उघडून बसलाय."

त्याच्या बोलण्यामागं कारण होतं. ते सांगायच्या आधी तुरीची गोष्ट सांगतो, कारण ती दोन्ही तटांच्या मधली आहे आणि मला ती सगळ्यांत खरी वाटते.

भारत आणि स्वित्झर्लंडच्या शास्त्रज्ञांनी मिळून नाचणी आणि तूर एकत्र लावून बघितली. त्यांचे निष्कर्ष २०१८ च्या सुमाराला आले. नाचणीचं मूळ वरच्यावर, तुरीचं सोटमूळ खोल. माती वरून वाळली की रात्री तुरीचं मूळ खालची ओल वर ओढतं आणि त्यातली थोडी वरच्या कोरड्या मातीत पाझरते. दोघांना जोडणारी बुरशी असली तर ती ओल नाचणीपर्यंत पोहोचायला मदत होते. कोरड पडली तेव्हा तुरीशेजारची नाचणी जास्त तग धरून राहिली.

पण त्याच प्रयोगात आणखी एक दिसलं, आणि ते ऐकून मी हातातली विडी खाली ठेवली. पाणी पुरेसं होतं तेव्हा हीच तूर आणि हीच नाचणी एकमेकांशी जोरात झगडत होती. तुरीनं नाचणीला दाबून टाकलं होतं. ओल असताना भांडण, कोरड पडली की आधार. हे वाचून शास्त्रज्ञांना काय वाटलं असेल ते असो, मला वाटलं ही तर आमची भावकी!

आमच्याकडं नाचणी होत नाही, ती पाटण-महाबळेश्वरच्या डोंगरातली. आमच्याकडं बाजरीत तूर. पण बैठक तीच. चार ओळी बाजरीच्या, एक ओळ तुरीची. बाप-आज्यानं ही रीत का पाडली, हे ते सांगायचे ते एवढंच, "एक गेलं तर एक हाताला लागंल."

बहात्तरच्या दुष्काळात मी अकरा वर्षांचा होतो. लाल मिलोच्या भाकरी, सुकडी, खडी फोडायला गेलेली माणसं, हे सगळं डोळ्यांसमोर आहे. आमच्या आजोबांचं आणि खालच्या वाड्यातल्या भावकीचं त्याआधी चार वर्षं बोलणं बंद होतं. नांगरताना बांध कोरला म्हणून काठ्या निघाल्या होत्या. त्या उन्हाळ्यात खालच्या वाड्याची विहीर आटली. आमच्या विहिरीत सांजसकाळ घागरी बुडतील एवढं पाणी होतं. आजोबांनी निरोप धाडला, बायकांना घागरी घेऊन पाठवा. गावातल्या एकानं डिवचलं, "काय म्हातारबा, मिटलं वाटतं?" आजोबा म्हणाले, "पानी दिलंय. बांध न्हाय दिला."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. विहिरी भरल्या. आणि आखाडात दोन्ही घरं परत त्याच बांधावर उभी राहून एकमेकांच्या सात पिढ्या काढत होती. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. आता वाटतं, त्या माणसांना एक गोष्ट नीट कळत होती. भांडण आणि तोडणं यात फरक असतो.

ते भांडण वारशानं माझ्याकडं आलंय. माझा चुलतभाऊ आणि मी यांच्यात त्याच बांधाचा दावा तालुक्याच्या कोर्टात २०१२ पासून चालू आहे. तारखेला आम्ही दोघं एकाच एसटीनं जातो. तिकिटं आपापली काढतो.

२०२३ चा ऑगस्ट कोरडा गेला. देशभरातच असा कोरडा ऑगस्ट १९०१ पासून झाला नव्हता. आमच्याकडं बाजरी निसवायला आली होती, एका पाण्याची गरज होती, आणि आभाळ भुंडं. चुलतभावाचं बोअर बंद पडलं. माझ्या विहिरीवर मोटर अडीच-तीन तास चालायची, मग दिवसभर पाझराची वाट बघायची. तो स्वतः आला नाही, येणारही नव्हता. वहिनी संध्याकाळी परड्याच्या कडेला येऊन आमच्या मंडळींशी बोलल्या. "बाजरी करपाय लागलीय. एक पानी मिळालं तर दानं भरतील," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

रात्री पोराचा फोन आला. त्याला घरातून कळलंच होतं. तो म्हणाला, "अण्णा, तासाला दर लावा. सगळं गाव लावतंय." मी गप्प बसलो. मग म्हणाला, "नाहीतर असं करा. दावा मागं घ्या म्हणावं, मग देतो पाणी. अशी वेळ परत यायची नाही."

पोरगा वाईट नाही. त्याचा सल्ला व्यवहाराला धरून होता, आणि दुसरा सल्ला तर फारच मोहाचा होता. अकरा वर्षं कोर्टात जे मिळालं नाही ते एका रात्रीत मिळण्यासारखं होतं. मी त्या रात्री बराच वेळ ओट्यावर बसलो. मला दोन गोष्टी दिसत होत्या. पैसे घेतले तर फिटंफाट होते, वहिनींना परत आमच्या परड्याकडं यायचं कारण उरत नाही. आणि दावा मागं घ्यायला लावला तर ते पाणी राहत नाही. ते माणसाच्या नरड्यावर ठेवलेलं पाऊल होतं. तहान लागलेल्या माणसाकडून घेतलेली सही कागदावर टिकेल, मनात टिकत नाही. त्याच्या पोराच्या पोरापर्यंत ती सलत राहील.

तीन रात्री आमची मोटर त्यांच्या रानात चालली. त्यांचा पोरगा दारं धरायला होता. आमच्या खालच्या वावरातल्या दहा-बारा गुंठ्यांना मग पाणी पोहोचलं नाही, तिथली कणसं पोचट राहिली. हे मुद्दाम सांगतो, कारण देण्याला किंमत पडते. जे सांडतंय ते दिलं त्याला देणं म्हणायचं नसतं.

संक्रांतीला वहिनींनी पायलीभर तूर पाठवली. आमच्या मंडळींनी दुसऱ्या दिवशी त्याच डब्यातून हुलगे घालून डबा परत केला. दावा चालूच आहे.

तुम्ही म्हणाल, ही झाली भल्या भावकीची गोष्ट. समोरचा चोर निघाला तर? हा प्रश्न खरा आहे, आणि मातीत त्यालाही जागा आहे. ज्वारीत टारफुला उगवतो, तो जुन्या शेतकऱ्यांना चांगला माहीत आहे. नाजूक फुलाचं दिसायला देखणं तण, पण ज्वारीच्या मुळाला चिकटून तिचं रक्त पितं. त्याचं बी धुळीसारखं, वर्षानुवर्षं मातीत निपचित पडून राहतं. शेजारी मूळ आल्याशिवाय उगवत नाही. मूळ आलेलं त्याला कळतं कसं? ज्वारीची मुळं मातीत एक द्रव्य सोडतात, त्याच्या वासानं ते जागं होतं. मग ज्वारी आपल्याच वैऱ्याला उठवणारं द्रव्य सोडते कशाला, हे बरीच वर्षं कोडं होतं. २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी ते उलगडलं. ते द्रव्य म्हणजे बुरशीला मारलेली हाक असते. उपाशी मूळ बुरशीला बोलावतं, आणि तीच हाक चोरही ऐकतो.

हे ऐकलं तेव्हा मी खूप वेळ विचार करत होतो. मदतीची हाक अशी मारता येत नाही की ती फक्त भल्या माणसालाच ऐकू जाईल. दार उघडं ठेवलं तर शेजारीही येतो आणि कुत्रंही शिरतं. पण म्हणून ज्वारीनं हाक मारायचं सोडलं नाही. कोट्यवधी वर्षांचा सगळा हिशोब करूनही हाक मारणंच तिला परवडलंय. चोराचा बंदोबस्त वेगळा करायचा, खुरपं घेऊन. त्याच्या भीतीनं हाक बंद करायची नाही.

मात्र हाक बंद कधी होते, तेही सांगतो. रानात स्फुरद भरपूर टाकलं, एकरी दोन-दोन पोती डीएपी ओतलं, की झाडाला बुरशीची गरज वाटत नाही. हाक कमी होते, बुरशीला साखर मिळत नाही, ती मुळातनं मागं सरते. वर रोटाव्हेटरनं माती वर्षातून चार वेळा पिठासारखी केली की उरलेले तंतूही तुटतात. पीक तरारलेलं दिसतं. कमी कळते ती पुढं कधीतरी, पाऊस ताणला की.

गावाचंही तसंच झालंय. आज प्रत्येकाच्या दारात ट्रॅक्टर नाहीतर ट्रॅक्टर भाड्यानं आणायला पैसे, प्रत्येकाच्या रानात बोअर, प्रत्येकाच्या हातात फोन. वारंगुळा गेला, सावड गेली, इर्जिक हा शब्द पोरांना समजावून सांगावा लागतो. कष्ट कमी झाले, ते चांगलंच झालं. बैल नसलेल्याची जी लाचारी जुन्या काळात होती ती मला परत नको. पण भरल्या दिवसांत कुणाला कुणाची गरज उरली नाही, आणि गरज नाही म्हणून येणंजाणं नाही. मग बोअर आटतं त्या दिवशी हाक मारायला तोंड राहत नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. माती आपला गुरू नाही. मातीकडं बघून धर्म ठरवायचा म्हटलं तर तिथं टारफुलाही आहे आणि बाभळीवरची अमरवेलही आहे. मोहरी, कोबी, मुळा, पालक यांचं बुरशीशी जमतच नाही, ती एकटी राहून मजेत वाढतात. तिथं कमी देणाऱ्याला कमी मिळतं, हा न्याय माणसाला लावायचा का? आमच्या आळीत एक म्हातारी होती. ना बैल, ना पोरगा, ना हातापायात जोर. ती कुणाच्या सावडीला जाणार? तिच्या अंगणात तरी दर पावसाळ्याआधी कुणीतरी शेणी-लाकडं टाकून जायचं. बाजाराच्या न्यायानं ती पहिल्या वर्षीच मेली असती. जंगलात त्याचाही दाखला आहे म्हणा. आमरीचं बी इतकं बारीक असतं की त्यात शिदोरी नसतेच. बुरशीनं भरवलं तरच ते रुजतं. पुढं पानं फुटल्यावर त्यातली काही परतफेड करतात, काही जाती जन्मभर नुसत्या खातात. मातीत सगळ्या तऱ्हा आहेत. त्यांतली कुठली आपण उचलायची, हे आपल्यालाच ठरवावं लागतं. बुरशी त्याचा जाब देणार नाही.

मग माझ्या पहिल्या प्रश्नाचं काय? हिशोब ठेवला तर मदत राहते का? मला आता वाटतं, हिशोब ठेवण्यात पाप नाही. माझ्या आईलाही कुणाची वाटी आलीय ते पक्कं ध्यानात असायचं. पाप असलंच तर ते हिशोब मिटवण्याच्या घाईत आहे. कुणाचं काही अंगावर ठेवायचं नाही, ही आजकाल मोठेपणाची गोष्ट समजतात. मला ती थोडी घमेंडीची वाटते. दुसऱ्याचं थोडं देणं अंगावर असणं म्हणजे त्याच्याकडं जायला वाट असणं. आपलं थोडं येणं त्याच्याकडं असणं म्हणजे त्यालाही आपल्याकडं यायला वाट असणं. दोन्हीकडची बाकी थोडीथोडी शिल्लक ठेवत जगायचं. आपल्या लोकांनी हिशोब मिटण्याला आणि नातं मिटण्याला एकच शब्द ठेवला, तो विचार करूनच ठेवला असावा.

मी रोजची खर्चाची वही लिहितो. डिझेल, खत, मजुरी, विकलेलं दूध, सगळं तारखेसह. त्या ऑगस्टच्या पानावर "तीन रात्री पाणी, खालचा वाडा" अशी ओळ आहे आणि तिच्यासमोर रकमेचा रकाना कोरा आहे. दिवाळीला पोरगा वही चाळत होता. म्हणाला, "अण्णा, इथं आकडा राहिलाय." मी म्हटलं, "ऱ्हाऊ दे. माझ्या माघारी तुला त्यांच्या दारात जायला लागंल तेवढं."